दुसरा आरसा

आमच्या वहिनींना सगळे शिकाऊ 'ब्रेकबाई' म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठीमागे ब्रेकबाई. वहिनींना हे ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, पण कुणी चुकून समोर म्हटलंच तर उगाच भुवया चढवतात.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ड्रायव्हिंग स्कूल थोरल्या दिरांनी काढलं. ते अचानक गेले तेव्हा जो तो म्हणाला, आता गाडी विका, शटर ओढा आणि गप घरी बसा. वहिनींनी दिरांच्या खुर्चीवर मला बसवलं आणि स्वतः गाडीत जाऊन बसल्या. त्यांना मूलबाळ नाही. आज शहरातल्या कुठल्याही चौकात उभं राहा, तिथून जाणाऱ्या गाड्यांतली एखादी तरी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाची निघते. मी ऑफिसात फोन घेते, तासांच्या वेळा देते आणि पहिल्या दिवशी रडत परत येणाऱ्यांना चहा पाजते. गाडी मला येत नाही. वहिनी आल्यागेल्याला सांगतात, "आमची धाकटी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बसली, पण क्लच कुठला विचाराल तर दाराची कडी दाखवेल." दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

जावाजावांचं पटत नाही असं म्हणतात. आमचंही पटत नाही. त्यांना माझा चहा गोड लागतो, मला त्यांचा आवाज मोठा वाटतो. पण सकाळी त्यांच्या चपलांचा आवाज आला नाही तर माझं कशात लक्ष लागत नाही.

शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायापाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ गडबडला की शिक्षकाने तो दाबायचा. सगळ्याच स्कूलच्या गाड्यांत असतो, त्यात नवल नाही. नवल होतं ते वहिनींच्या दुसऱ्या आरशाचं. मागचा रस्ता दाखवणारा आरसा असतो ना, त्याच्याखाली त्यांनी काचेला एक छोटा आरसा चिकटवून घेतला होता. त्यात रस्ता दिसत नसे, शिकाऊचे डोळे दिसत.

"रस्ता काय, सगळेच बघतात," त्या म्हणायच्या. "पण माणूस घाबरायच्या आधी त्याचे डोळे घाबरतात. डोळे मोठे झाले की माझा पाय खाली."

आणि खरंच, इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही. शिकाऊंना वाटे, या बाईला पाठीमागेही डोळे आहेत. बाईला तर त्यांचेच डोळे उसने मिळत होते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गेल्या काही महिन्यांपासून मात्र मला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायला लागलं होतं. एका शिकाऊला त्यांनी एकाच तासात दोनदा विचारलं, "तुम्ही काय काम करता?" त्याने दोन्ही वेळा सांगितलं, "मॅडम, दात काढतो." दुसऱ्यांदा तो हसला, पण उतरताना माझ्याकडे बघून त्याने भुवई उडवली. एकदा त्या ऑफिसला येताना जुन्या ऑफिसच्या गल्लीत गेल्या. ते ऑफिस सोडून आम्हाला युग लोटलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "सहज गेले. जुनी जागा बघावीशी वाटली." इतक्या सहज म्हणाल्या की मी गप्प बसले. विसरायला काय, मीही विसरते. गॅसवर दूध ठेवून फोनवर गप्पा मारते. वय झालं की थोडंफार चालायचंच.

पण मग नर्सबाई आली. नर्सबाई म्हणजे दवाखान्यात काम करणारी आमची एक शिकाऊ. तास संपवून ती ऑफिसात आली, पाणी प्यायली आणि हळूच म्हणाली, "काकू, रागावू नका. आज रिक्षा मध्ये आली तेव्हा मीच ब्रेक मारला. मॅडमनी नंतर मारला."

"मग चांगलंय की," मी म्हणाले. "शिकलीस तू."

"तसं नाही हो. मी ब्रेक मारून झाल्यावर त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं आणि मग दाबला. रिक्षाकडे त्यांनी बघितलंच नाही."

माझ्या डोक्यात जे इकडेतिकडे विखुरलं होतं ते या पोरीने एका वाक्यात गोळा करून माझ्यापुढे ठेवलं. वहिनी रस्ता बघत नव्हत्या. कधीपासून बघत नव्हत्या, देव जाणे. शिकाऊला दिसलं तर त्यांना दिसणार, शिकाऊला दिसलं नाही तर दोघांनाही नाही. आणि शिकाऊच तो, त्याला काय डोंबल दिसणार!

त्याच आठवड्यात वहिनींचं शिकवण्याचं लायसन्स पुढे चालू ठेवायची वेळ आली. या वयात त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. वहिनींनी मला सोबत नेलं. गाडी त्यांनीच चालवली. त्याच दिवशी संध्याकाळी नर्सबाईचा हायवेवरचा पहिला तास होता. मला सकाळपासून तेवढंच सुचत होतं. डॉक्टर काय ते पकडतील, मला बोलावं लागणार नाही, अशी माझी आशा होती.

डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारे. त्यांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली आणि म्हणाले, "आता स्मरणशक्तीचे चार प्रश्न विचारतो. सगळ्यांनाच विचारतो, मनाला लावून घेऊ नका. मी तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा. किल्ली, झाड, शर्ट. आज वार कोणता?"

"आज ना," वहिनी म्हणाल्या, "मंगळ..." आणि थांबल्या. त्या डॉक्टरांच्या डोळ्यांकडे बघत होत्या. डॉक्टरांची नजर नकळत भिंतीवरच्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरकडे गेली, तिच्यामागोमाग वहिनींची, आणि परत आली. "...वार काल झाला. आज बुधवार."

"बरोबर."

मी खुर्चीचा दांडा धरला. थोड्या वेळाने डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारले. वहिनी म्हणाल्या, "किल्ली. झाड. आणि..." पुन्हा ती थांबणं, पुन्हा ते बघणं. डॉक्टर बिचारा मनातल्या मनात मदत करत असणार, त्याची नजर खाली स्वतःच्या छातीकडे गेली. "शर्ट," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या.

"छान! उत्तम!" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं.

मी बोलायला हवं होतं. काय सांगणार होते मी? डॉक्टरसाहेब, ही बाई तुमच्याच तोंडावरून तुमचीच उत्तरं वाचतेय? वहिनी शेजारी बसलेल्या. त्यांची पर्स मांडीवर, पाठ ताठ, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा चेहरा. या बाईला त्या गाडीतून उतरवलं की मागे काय उरतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आणि नाही उतरवलं तर संध्याकाळी ती पोरगी हायवेवर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेवढ्यात डॉक्टरांनीच वाट काढून दिली. दाखल्यावर सही करता करता म्हणाले, "वेळ असेल तर वरच्या मजल्यावर जाल का? तिथे संशोधन चाललंय. वय वाढताना आणि विसरण्याच्या आजारात डोळ्यांची हालचाल कशी बदलते, ते बघतात. तुलना करायला त्यांना तुमच्यासारखी ठणठणीत माणसं हवी असतात."

"जातो की," मी म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे वळून बघितलं. "दोघीही जातो. डोळ्यांच्या परीक्षेत आमच्या वहिनींना कोण नापास करणार?"

हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की वहिनी चढतात. पर्स काखेला मारून त्या माझ्यापुढे जिना चढायला लागल्या.

वरची खोली लहान होती, खिडकीला काळा पडदा. एका टेबलावर हनुवटी टेकवायची चौकट, कपाळ टेकवायला पट्टी, समोर पडदा आणि त्याखाली छोटा कॅमेरा. संशोधक मुलीने समजावून सांगितलं. डोकं हलवायचं नाही. मध्ये ठिपका येईल, त्याच्याकडे बघायचं. मग डावीकडे किंवा उजवीकडे उजेड चमकेल. "त्याच्याकडे बघायचं नाही. बरोबर उलट बाजूला बघायचं. डावीकडे उजेड, तर उजवीकडे बघा."

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या. "आधी हिचं घ्या. ही चुकली की मला कळेल काय करायचं नाही ते."

मी बसले. वाटलं तितकं सोपं नव्हतं. उजेड चमकला की डोळा आपोआप तिकडे पळतो, मुंगळा गुळाकडे जावा तसा. मग एकदम आठवतं, अगं बाई, उलट! आणि आपण डोळा ओढून परत आणतो. माझ्या तोंडून दोनदा "मेल्या!" निघालं. संशोधक मुलगी हसली.

"चुकले ना पुष्कळदा?" मी उठताना विचारलं.

"चुका सगळे करतात, मीही करते," ती म्हणाली. "आम्ही पुढचं बघतो. चूक लक्षात येऊन डोळा परत फिरतो का, ते. काही आजारांत तो परत फिरायचा कमी होतो, असं दिसतंय."

मग वहिनी बसल्या. हनुवटी चौकटीत, कपाळ पट्टीला. समोर फक्त काळा पडदा. त्या खोलीत त्यांना वाचायला कुणाचाही चेहरा नव्हता.

मी मुलीच्या मागे उभी होते. तिच्यासमोरच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका दिसत होता. तो वहिनींचा डोळा. उजेड डावीकडे चमकला, हिरवा ठिपका डावीकडे गेला. मी मनात म्हटलं, आता परत येईल. नाही आला. तिथेच बसून राहिला. पुढचा उजेड उजवीकडे. ठिपका उजवीकडे गेला आणि तिथेच थांबला. पुन्हा. पुन्हा. मधूनच एखाद्या वेळी बरोबर जायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा, की पुढच्या खेपेला परत तेच. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होते. वळ ना, परत फीर ना, असं मी त्या हिरव्या ठिपक्याला मनातल्या मनात ओरडून सांगत होते. संशोधक मुलीचा चेहरा दगडासारखा होता. तिला तो तसा ठेवायला शिकवलेलंच असणार.

दिवा लागला. वहिनी चौकटीतून बाहेर आल्या, केस सारखे केले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एकदाही चुकले नाही. तुझ्यासारखं मेल्या-बिल्या करावं लागलं नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. चुकलं हे त्यांना कळलंच नव्हतं.

वहिनी हात धुवायला गेल्या तशी मी मुलीला गाठलं. "काय दिसलं सांग. खरं सांग."

"एकट्या या चाचणीवरून काहीच सांगता येत नाही, काकू. आमचं अजून शिकणंच चाललंय. डोळा थकला, झोप झाली नाही, तरीही असं होतं." तिने समोरचा पडदा बंद केला. "पण तुम्हाला घरी काही जाणवलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. तुम्ही रोज बघता. आमचं मशीन एकदाच बघतं."

म्हणजे घोडं पुन्हा माझ्यापाशीच येऊन अडलं. खाली डॉक्टरांच्या दारापुढे मी क्षणभर उभी राहिले. वहिनी म्हणाल्या, "चल गं, दाखला मिळालाय, आता इथे काय ठेवलंय?" आणि मी मुकाट्याने गाडीत बसले. माझा इतका राग मला कधी आला नव्हता.

परतताना त्याच चालवत होत्या. सिग्नल हिरवा झाला तरी त्या बसून राहिल्या. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा हलल्या. मी दाराच्या वरची कडी धरून ठेवली होती. रस्त्यात आमचं सरावाचं मैदान लागतं. पत्र्याचं कुंपण, एका टोकाला शेड आणि तिथला राखणदार. दुपारी त्याच्याखेरीज तिथे चिटपाखरूही नसतं. मैदान दिसलं आणि मी म्हणाले, "वहिनी, आत घ्या. मला गाडी शिकवा."

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर माझा विचार बदलेल."

वहिनींचा चेहरा असा फुलला की मला रडू आलं. "म्हातारपणी चळ लागलाय हिला," म्हणत त्यांनी गाडी आत घेतली आणि आम्ही जागा बदलल्या. त्या शिक्षकाच्या जागी बसल्या, पाय ब्रेकवर. छोटा आरसा माझ्या तोंडाकडे वळवला. समोरच्या कप्प्यात त्यांचा काळा गॉगल होता. तो मी काढून डोळ्यांवर चढवला.

"हे काय नवीन?"

"ऊन लागतंय."

क्लच, गिअर, रेस. दोनदा गाडी बंद पडली, तिसऱ्यांदा उंटासारख्या उड्या मारत निघाली. माझ्या हातांना दरदरून घाम. वहिनींचा आवाज मात्र शांत, इतका शांत की मला कळलं लोक त्यांच्याकडे का येतात. "स्टिअरिंगचा गळा दाबू नकोस. सोड. श्वास घे. सरळ जाऊ दे." पण त्यांची नजर सारखी त्या आरशात जात होती. जात होती आणि रिकामी परत येत होती.

"गॉगल काढ गं. मला काही दिसत नाही."

"रस्ता दिसतोय ना तुम्हाला?"

"रस्ता दिसतोय. पण..." त्यांनी आरसा बोटाने आणखी माझ्याकडे वळवला.

मैदानाच्या टोकाला मी वळले. ठरवलं होतं, हळू हळू जुन्या टायरांच्या ढिगाकडे जायचं आणि बघायचं त्या ब्रेक कधी दाबतात. रबरच तर आहे, लागलं तरी काय बिघडणार होतं? पण मी अकलेचे दिवे पाजळले तेव्हा राखणदार त्या हिशेबात नव्हता. कुंपणावर अडकलेला प्लास्टिकचा मोठा कागद वाऱ्याने एकदम फडफडला, डावीकडे, उन्हात लख्ख. आणि उजवीकडून शेडमधून राखणदार निघाला, खांद्यावर शिडी, तोंड दुसरीकडे.

मी बघितलं. माझा पाय नको तिथे पडला आणि गाडी थांबण्याऐवजी पुढे धावली.

"वहिनी!"

वहिनी प्लास्टिककडे बघत होत्या. मान डावीकडे, डोळे डावीकडे, आणि तिथेच. त्यांचा पाय ब्रेकवर होता आणि हलत नव्हता. त्या हिरव्या ठिपक्यासारख्याच त्या तिथे थांबल्या होत्या.

मी दोन्ही पाय जे हाती, म्हणजे पायी, लागेल त्यावर दाणकन मारले. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. शिडीचं टोक बॉनेटवरून खरर् करत गेलं. राखणदार बाजूला उडी मारून उभा राहिला. त्याला लागलं नव्हतं. मग त्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी हात जोडत राहिले. शेवटी तो शिडी उचलून बडबडत निघून गेला.

वहिनींचा पाय अजूनही ब्रेकवर होता.

"तू त्याला कधी बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"शेडमधून निघाला तेव्हाच."

"मी बघितलाच नाही." मग म्हणाल्या, "गॉगल काढ."

मी काढला. त्यांनी आरशात माझे डोळे बघितले. तिथे काय होतं ते त्यांना वाचायला फार वेळ लागला नाही.

"मुद्दाम लावला होतास."

"हो."

मला वाटलं आता फटका बसतो. त्यांचा आवाज खाली आला. "वर त्या खोलीत काय झालं? तू मागे उभी होतीस."

"उजेड चमकला की तुमचा डोळा तिकडे जायचा. आणि तिथेच राहायचा."

"तुझा?"

"माझाही जायचा. पण परत यायचा."

वहिनींनी ब्रेकवरचा पाय काढून घेतला. मग म्हणाल्या, "मला कळलंच नाही गं, धाकटे. तिथेही नाही, इथेही नाही. चुकलं असं वाटलं असतं तर मी स्वतःच थांबले असते. पण मला वाटलं, सगळं बरोबर चाललंय."

मी रडले. आवाज न करता, नाक गळेपर्यंत. त्या रडल्या नाहीत. पर्समधून रुमाल काढून माझ्या मांडीवर टाकला.

"नर्सबाईला फोन कर," त्या म्हणाल्या. "म्हणावं, आज तास नाही. पुढचे दुसऱ्या कुणाकडे घे. माझं नाव सांगून चांगल्या माणसाकडे पाठव."

"आणि आपण?"

"आपण परत डॉक्टरकडे जायचं, उद्या. तिथे तू बोलायचंस. मी बोलले तर त्याच्या तोंडाकडे बघूनच बोलेन."

म्हणजे त्यांना तेवढं तरी ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. त्यांनी छोट्या आरशाला हात घातला, ओढून बघितला. जुना डिंक, निघेना. "राहू दे," म्हणाल्या. "पुढच्याला लागेल." किल्ली काढून माझ्या हातात दिली, आणि आम्ही गाडी तिथेच राखणदाराच्या भरवशावर सोडून चालत निघालो.

फाटकाबाहेर मोठा रस्ता. इतक्या वर्षांत वहिनींबरोबर कुठलाही रस्ता ओलांडायचा म्हणजे त्या पुढे, मी मागे, आणि त्यांचा तोंडाचा पट्टा चालू, की तुला चालता तरी येतं का. आज त्या कडेला येऊन थांबल्या. डावीकडे बघितलं. मग माझा हात धरला.

"बघ गं," त्या म्हणाल्या, "उजवीकडून काही येतंय का?"

मी बघितलं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"नाही. चला."